समान व्यासाचे दोन पाइप

समतलावर तीन बिंदू आहेत. पहिल्या दोन बिंदूंतून रेषा काढली, तर तिसरा बिंदू तिच्या डावीकडे पडतो, उजवीकडे पडतो, की नेमका तिच्यावर येतो? प्रश्न शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. उत्तरासाठी चार वजाबाक्या, दोन गुणाकार आणि शेवटी आणखी एक वजाबाकी एवढेच गणित पुरते. उत्तर धन आले तर बिंदू डावीकडे, ऋण आले तर उजवीकडे आणि शून्य आले तर रेषेवर. भूमितीय संगणन आणि संगणकाच्या साहाय्याने केले जाणारे अभिकल्पन, ज्याला सगळे कॅड म्हणतात, या विषयात मी आयुष्यभर शिकवले आणि संशोधन केले. त्यातली बहुतेक वर्षे या एका प्रश्नाच्या अवतीभवती गेली, आणि निवृत्ती जवळ आलेली असतानाही तो मला तितकाच जिवंत वाटतो.

अडचण अशी आहे की संगणकाजवळ वास्तव संख्या नसतात. १९८५च्या आयईईई ७५४ या मानकानुसार दुहेरी अचूकतेच्या संख्येत ५३ द्विमान अंक मावतात, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत सुमारे सोळा. सोळा अंक ऐकायला पुष्कळ वाटतात. पृथ्वीपासून सूर्याचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहायलाही एवढे अंक लागत नाहीत, तर मग इंजिनच्या एका भागासाठी ते अपुरे का पडावेत, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. त्यांना उत्तर देण्यासाठी मी एक चित्र दाखवत आले आहे. केटनर, मेलहॉर्न, पियाँ, शिरा आणि याप या पाच संशोधकांनी २००४ मध्ये, केवळ वर्गात दाखवता यावीत म्हणून, अशा अपयशांची काही उदाहरणे मुद्दाम रचली. त्यातले पहिले उदाहरण मी विद्यार्थ्यांकडून स्वतः लिहवून घेते. दोन बिंदू स्थिर ठेवायचे, (१२, १२) आणि (२४, २४). तिसरा बिंदू (०.५, ०.५) पासून सुरू करायचा आणि तो आडव्या व उभ्या दिशेने अगदी सूक्ष्म पावलांनी सरकवायचा. पाऊल केवढे, तर २ चा उणे ५३ वा घात, म्हणजे ०.५ च्या पुढे संगणकाला लिहिता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांमध्ये जेवढे अंतर असते तेवढेच. असे २५६ गुणिले २५६ बिंदू घ्यायचे. प्रत्येकासाठी वरचा प्रश्न विचारायचा आणि उत्तराप्रमाणे रंग द्यायचा: धन असेल तर निळा, ऋण असेल तर लाल, शून्य असेल तर पिवळा. अपेक्षा अशी, की पडद्यावर एक कर्ण उमटेल, पिवळ्या ठिपक्यांची सरळ रेघ, तिच्या एका बाजूला सगळे लाल आणि दुसऱ्या बाजूला सगळे निळे. प्रत्यक्षात पिवळा रंग कर्णाच्या दोन्ही बाजूंना ओबडधोबड ठोकळ्यांसारखा पसरतो, आणि काही ठिकाणी लाल ठिपके निळ्यांच्या प्रदेशात तर निळे लालांच्या प्रदेशात जाऊन बसलेले दिसतात. वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरते, तिच्यानंतरच खरे शिकवणे सुरू होते.

आकडेमोडीच्या इतर शाखांमध्ये लहान चुकीचा परिणाम बहुधा लहानच राहतो. तुळईचा ताण काढताना शेवटचा अंक चुकला, तर उत्तराचाही शेवटचा अंक चुकतो आणि अभियंता पुढे जातो. भूमितीत मात्र आकड्याच्या चिन्हावरून निर्णय घेतला जातो आणि त्या निर्णयावरून रचना उभी राहते. हा बिंदू बहुभुजाच्या आत आहे, म्हणून ही कड ठेवा. ती कड बाहेर आहे, म्हणून ती कापा. तीन बिंदूंबद्दल घेतलेले तीन निर्णय एकमेकांशी विसंगत निघाले, तर कोणत्याही खऱ्या समतलावर अस्तित्वात असू शकणार नाही अशी आकृती आज्ञावली उभी करू लागते. मग ती अनंत फेऱ्यांत अडकते, मध्येच कोसळते, किंवा अंतिम उत्तर म्हणून काहीतरी भलतेच हातात ठेवते. या तीनपैकी तिसरा प्रकार मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण तो कोणाच्याच लक्षात येत नाही.

या विषयाकडे मी अभियांत्रिकी रेखनातून आले. पदवीच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्डवर शीट लावून, मिनी ड्राफ्टरने, एका दंडगोलात दुसरा दंडगोल घुसला की त्यांच्या पृष्ठभागांवर कोणती वक्ररेषा उमटते ते काढावे लागे. वर्तुळाचे बारा भाग करायचे, प्रत्येक भागातून रेषा सोडायची, ती दुसऱ्या दंडगोलाला जिथे भेटते तो बिंदू नोंदायचा आणि शेवटी हे बारा बिंदू फ्रेंच कर्व्हने जोडायचे. बिंदूंच्या अधल्यामधल्या जागी वक्र नेमका कुठून जातो, हे ती शीट तपासणाऱ्या सरांना विचारण्याचा प्रघात नव्हता. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी पवईला गेले आणि ग्रंथालयात अरिस्टिडीस रेकिशा यांचा १९८० चा दीर्घ लेख हाती लागला. घन वस्तू संगणकात कशी मांडायची, कोणती मांडणी संपूर्ण, कोणती निःसंदिग्ध, याचा त्यात घेतलेला आढावा मी इतक्यांदा वाचला की त्या झेरॉक्सच्या घड्या फाटल्या. रेकिशा आणि हर्बर्ट व्हेल्कर यांचा गट तेव्हा अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात काम करत होता, आणि कारखान्यात जी गोष्ट कोणी विचारात घेण्यासारखी मानत नव्हते तिला त्यांनी गणिताचा पाया दिला होता. दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवले तर त्यांचा छेद काय? संचशास्त्र म्हणते, त्यांचा सामाईक पृष्ठभाग. कारखाना म्हणतो, काहीच नाही, कारण शून्य जाडीचा पत्रा कोणी बनवू शकत नाही. रेकिशांनी छेद, संयोग आणि वजाबाकी या क्रियांची व्याख्याच अशी बदलली की असले बिनजाडीचे अवशेष आपोआप गळून पडावेत. गणित आणि कारखाना यांच्यातला वाद इतक्या सभ्यपणे मिटवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

सत्तरच्या दशकात केंब्रिजमध्ये वेगळ्या वाटेने हेच काम चालले होते. इयन ब्रेड यांनी आपल्या पीएचडीच्या कामात घन वस्तू तिच्या पृष्ठभागांनी, कडांनी आणि शिरोबिंदूंनी मांडली. पुढे त्यांनी आणि चार्ल्स लँग वगैरे सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये शेप डेटा ही कंपनी काढली. तिथून रोम्युलस आणि मग पॅरासॉलिड निघाले. आज सॉलिडवर्क्स किंवा एनएक्स ही कॅड पॅकेजे वापरणारा कोणताही तरुण डिझायनर, त्याला ठाऊक असो वा नसो, पॅरासॉलिडच्याच आधाराने काम करत असतो. पॅकेजमधल्या, आकारांचे गणित करणाऱ्या या आतल्या भागाला कर्नल म्हणतात. पुण्या-मुंबईतही अशा कामात मुरलेली माणसे तयार झाली. गोदरेज समूहातून पुढे आलेली आणि २०१७ मध्ये एचसीएलमध्ये विलीन झालेली जिओमेट्रिक ही कंपनी त्यांतली सर्वांत परिचित. माझे अनेक विद्यार्थी अशाच ठिकाणी गेले.

आता मला जे सांगायचे आहे त्याकडे येते. भूमितीय संगणनावरच्या शोधनिबंधात एक वाक्य हमखास भेटते: बिंदू सर्वसाधारण स्थितीत आहेत असे माना. म्हणजे कोणतेही तीन बिंदू एका रेषेवर नाहीत, कोणतेही चार एका वर्तुळावर नाहीत, कोणत्याही दोन रेषा समांतर नाहीत. सिद्धता सुटसुटीत व्हावी म्हणून ही सवलत घेतली जाते, आणि तिचे समर्थन असे, की बिंदू यदृच्छेने टाकले तर तीन बिंदू एका रेषेत येण्याची संभाव्यता शून्यच असते. ते खरेच आहे. पण यंत्राचा भाग यदृच्छेने पडलेल्या बिंदूंचा बनत नाही. डिझायनर दोन पृष्ठभाग मुद्दाम एका पातळीत ठेवतो, दोन भोके मुद्दाम एकाच अक्षावर घेतो, फिलेट, म्हणजे कडेला दिलेला गोलावा, शेजारच्या पृष्ठभागाला मुद्दाम स्पर्श करून जाईल असा देतो, आणि टी जोडाचे दोन्ही पाइप मुद्दाम समान व्यासाचे घेतो. गणिती ज्याला अपवाद म्हणून दाराबाहेर ठेवतो, तोच डिझायनरचा हेतू असतो. हे एकदा उमगल्यावर माझ्या संशोधनाची दिशा ठरली आणि ती नंतर कधी बदलली नाही.

समान व्यासाच्या पाइपांचेच पाहू. दोन दंडगोल, दोघांची त्रिज्या ५० मिलिमीटर, अक्ष एकमेकांना काटकोनात छेदणारे. त्यांच्या छेदाचा वक्र एरवी चौथ्या घाताचा असतो, पण त्रिज्या समान असल्या की तो फुटून दोन स्वच्छ लंबवर्तुळे होतात, आणि ती एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात. आता एका पाइपची त्रिज्या एका मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, कमी करा. लंबवर्तुळे नाहीशी होतात. त्यांच्या जागी दोन स्वतंत्र बंद वक्र येतात, आणि जिथे आधी छेदनबिंदू होता तिथे त्यांच्यात सुमारे ०.६३ मिलिमीटरची फट पडते. हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा: त्रिज्यांच्या वर्गांतला फरक ०.१, त्याचे वर्गमूळ ०.३१६, त्याची दुप्पट ०.६३. एका मायक्रॉनच्या फरकाने सहाशेपट मोठी फट! पॅरासॉलिडसारखे कर्नल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहून, जवळ असलेले बिंदू एकच मानते. तेवढाच सूक्ष्म फरक त्रिज्यांत ठेवला, तरी फट ०.०६३ मिलिमीटरची पडते, म्हणजे त्या मर्यादेच्या सहा हजारपटीहून अधिक. त्रिज्या समान आहेत असे म्हणावे तर छेद सांगतो की नाहीत. समान नाहीत असे म्हणावे तर त्रिज्या सांगतात की आहेत. कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवायचा, हे निव्वळ आकड्यांवरून ठरवता येत नाही.

भोसरीत एका डाय बनवणाऱ्या कारखान्याशी माझा पुष्कळ वर्षे संबंध आला. तिथले मालक स्वतः मशीनवर उभे राहून शिकलेले गृहस्थ होते. एकदा त्यांनी मला बोलावून घेतले. गिऱ्हाइकाकडून स्टेप फाइल, म्हणजे एका पॅकेजमधले मॉडेल दुसऱ्यात नेण्याची फाइल, आली होती, ती उघडली की पंपाच्या आवरणाचे मॉडेल घन न दिसता पोकळ पत्र्यांचा गठ्ठा दिसत होते. ते म्हणाले, “मॅडम, त्यांच्या पडद्यावर पाणी घातलं तर गळणार नाही असं दिसतंय, आणि आमच्याकडे आलं की सगळं फाटतंय. टूलपाथ कशावर काढायचा?” टूलपाथ म्हणजे कापणाऱ्या हत्याराची वाट. मी जवळ जाऊन पाहिले. एक मोठा फिलेट दोन पृष्ठभागांना स्पर्श करत चिंचोळा होत जाऊन संपत होता, आणि त्याच्या टोकाशी तीन कडा एकत्र येण्याऐवजी एकमेकींपासून केसाएवढ्या दूर थांबल्या होत्या. मोठे करून पाहिल्यावर तो त्रिकोण स्पष्ट दिसला. त्यांच्या मुलाने दोन दिवस बसून ती जागा हाताने शिवली होती, पण दुसरीकडे तशाच आणखी फटी निघाल्या होत्या.

त्या फटींचे कारण फाइल बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणात नव्हते. साठच्या दशकाच्या आसपास मोटारींच्या कारखान्यांतून जे मुक्त पृष्ठभाग आले, ज्यांचे गणित पॉल द कास्तेलजो यांनी सित्रोएनमध्ये आणि पिएर बेझिए यांनी रेनोमध्ये स्वतंत्रपणे उभे केले, त्यांतला सर्वांत नेहमीचा तुकडा दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचा असतो. दिसायला साधा, वापरायला देखणा. पण असा एक तुकडा समीकरणात मांडला तर ते समीकरण १८ व्या घाताचे होते, आणि असे दोन तुकडे एकमेकांना छेदतात तो वक्र ३२४ व्या घाताचा असू शकतो. एवढ्या घाताचा वक्र कोणतेही कर्नल जसाच्या तसा ठेवत नाही. ते त्याच्यावरचे काही बिंदू काढते आणि एक सोपा वक्र त्यांच्यातून ओढते, फ्रेंच कर्व्हने आम्ही ओढत होतो तसाच. शिवाय ही कड तीनदा लिहिली जाते: एकदा अवकाशात, एकदा पहिल्या पृष्ठभागाच्या निर्देशकांत आणि एकदा दुसऱ्याच्या. या तीन प्रती एकमेकींशी तंतोतंत कधीच जुळत नाहीत. त्या पुरेशा जवळ आहेत असे समजून प्रत्येक कर्नल काम करते, आणि पुरेसे म्हणजे किती हे प्रत्येकाचे वेगळे असते. एका घरची फाइल दुसऱ्या घरी गेली की हा समजूतदारपणा मागे राहतो आणि फट तेवढी दिसू लागते.

या दुखण्यावर संशोधकांनी जो एक मार्ग काढला, त्याचे मला अजून अप्रूप वाटते. ची याप आणि त्यांच्या समविचारी लोकांचे म्हणणे असे, की सगळ्या संख्या अचूक असण्याची गरजच नाही. फक्त ज्या चिन्हांवरून निर्णय घेतले जातात ती चिन्हे अचूक हवीत. जोनाथन श्युचुक यांनी १९९७ मध्ये हा विचार हत्यारासारखा वापरता येईल असा घडवून दाखवला. आधी नेहमीच्या गतीने आकडेमोड करायची आणि तिच्यात जास्तीत जास्त किती चूक असू शकते तेही मोजायचे. उत्तर त्या चुकीपेक्षा मोठे असेल, तर चिन्ह खात्रीचे, पुढे चला. नसेल, तर त्याच आकडेमोडीत आणखी अंक ओढून घ्यायचे, आणि चिन्ह निश्चित होईपर्यंत घेत राहायचे. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर काम होते, म्हणून वेगही फारसा जात नाही. ही आज्ञावली त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली. युरोपातल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी १९९६ मध्ये एकत्र येऊन सीगल हे भूमितीय आज्ञावल्यांचे ग्रंथालय उभारायला घेतले, त्याचाही पाया हाच. त्या रंगीत चित्राचा प्रयोग मी पुन्हा या पद्धतीने करून दाखवते, तेव्हा पडद्यावर अखेर तो एक सरळ पिवळा कर्ण येतो.

विद्यापीठांमध्ये अशा कामाची कदर पुरेशी होत नाही, हे मी स्पष्टपणे म्हणते. शोधनिबंध मोजले जातात. पंधरा वर्षे जपलेले, हजारो लोक विश्वासाने वापरतात असे सॉफ्टवेअर बढतीच्या अर्जात एका ओळीत संपते. माझ्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने बहुपृष्ठकांच्या, म्हणजे सपाट पृष्ठभागांच्या घनांच्या, वजाबाकीची आज्ञावली इतकी पक्की केली की ती कोणत्याही फाइलवर कोसळली नाही. प्रबंधाच्या परीक्षकांनी विचारले, यात नवे प्रमेय कोणते? मी त्या दिवशी जे सांगितले ते आजही सांगेन: ज्या उदाहरणांवर जगातले इतर सगळे थांबतात, तिथे थांबायचे नाही, हेच नवे आहे, आणि ते सिद्ध करून दाखवले आहे.

तरीही अचूक चिन्हांचा मार्ग सपाट पृष्ठभागांच्या जगात जेवढा चालतो तेवढा वक्र पृष्ठभागांच्या जगात चालत नाही. ३२४ व्या घातापुढे कोणतीही अचूक पद्धत धापा टाकते. आणि अचूकता मिळाली तरी भोसरीतल्या त्या फाइलचे दुखणे बरे झाले नसते. अचूक गणित एवढेच म्हणाले असते, की होय, इथे फट आहे. ती नसावी अशी डिझायनरची इच्छा होती, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. हेतू मांडण्याची भाषा मुळात नव्हती असेही नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या स्केचपॅडमध्ये या दोन रेषा समांतर राहोत, हे दोन भाग समान लांबीचे असोत, असे यंत्राला सांगता येत होते आणि यंत्र ते पाळत होते. पर्ड्यू विद्यापीठातल्या क्रिस्टोफ हॉफमन यांची कारकीर्द मला या संदर्भात फार जवळची वाटते. आलेखांची एकरूपता आणि गटसिद्धान्त यांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिणारा हा माणूस घन वस्तूंच्या प्रश्नांकडे वळला, भूमितीय आकडेमोडीतल्या अस्थैर्यावर त्याने तळापासून विचार केला, आणि पुढे नव्वदच्या दशकात आपल्या गटाबरोबर अशा बंधनांची उकल करण्याच्या कामात शिरला. मला त्यात एक सरळ ओघ दिसतो: आकडे जिथे बोलू शकत नाहीत तिथे हेतू लिहून ठेवावा लागतो. कॅडच्या आजच्या प्रत्येक पॅकेजमध्ये अशी बंधने आहेत, पण फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात जाताना नेहमीच्या वापरात पोहोचतात ते पृष्ठभाग, कडा आणि आकडे.

माझी सध्याची आणि बहुधा शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी याच जागी काम करते आहे. आलेल्या मॉडेलमधून हेतू पुन्हा शोधून काढायचा, असा तिचा विषय आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या राल्फ मार्टिन यांच्या गटाने, प्रत्यक्ष वस्तू मोजून बनवलेल्या मॉडेलांसाठी अशा प्रकारचे काम पूर्वी केले आहे: जवळपास समांतर ते समांतर, जवळपास समान ते समान, अशी नियमितता ओळखून मॉडेल नीटनेटके करायचे. तिच्यापुढची अडचण अधिक नाजूक आहे. पाइपांच्या त्रिज्या ५० आणि ४९.९९९ दिसल्या तर त्या समान मानाव्यात, हे ठीक. पण शाफ्ट आणि त्याचे भोक यांच्या बाबतीत तोच नियम लावला तर अनर्थ होईल. २५ मिलिमीटरच्या भोकाला एच ७ या नेहमीच्या मर्यादेत फक्त २१ मायक्रॉनची सूट असते, आणि त्या भोकात शाफ्ट घट्ट बसणार की सैल फिरणार, हे तेवढ्याच फरकावर ठरते. काही डिझायनर हा फरक ड्रॉइंगवर लिहितात, काही थेट मॉडेलमध्येच घालतात. इथे लहानसा फरक हाच हेतू असतो, आणि तो पुसून टाकणारी आज्ञावली फटी ठेवणाऱ्या आज्ञावलीपेक्षा अधिक घातक ठरेल.

आम्ही यावर बरेच भांडलो आणि एका निर्णयावर आलो. तिची आज्ञावली आता शेजार पाहते: दोन्ही पृष्ठभाग एकाच भागाचे आहेत की दोन जुळणाऱ्या भागांचे, त्यांचा छेद जवळजवळ फुटण्याच्या अवस्थेत आहे का, आसपास तोच आकडा आणखी किती ठिकाणी येतो. एकाच भागावरच्या, एकमेकांना छेदणाऱ्या आणि छेद फुटण्याच्या बेतात असलेल्या दंडगोलांना ती समान करते आणि तसे केल्याची नोंद ठेवते. जुळणाऱ्या भागांना ती हात लावत नाही. या दोहोंच्या मधे जे काही उरते, त्याची यादी ती डिझायनरपुढे ठेवते आणि त्याला विचारते. मागच्या महिन्यात आम्ही ती यादी भोसरीला घेऊन गेलो, आणि ज्या मुलाने फटी हाताने शिवल्या होत्या, तो आता कारखाना सांभाळतो; त्याने एकेका ओळीवर बोट ठेवून आम्हाला सांगितले की हे समान, हे समान, आणि हे तसेच राहू द्या, इथे बेअरिंग बसते.